झुडपाखालची बाई

कुमुद,

दोन-तीन आठवड्यांपूर्वी म्युझियमवाल्यांनी तुझ्यासाठी कार्यक्रम ठेवला होता. पांढऱ्या टेबलक्लॉथवर चीज, द्राक्षं, प्लास्टिकच्या ग्लासांत वाइन. तुला जाऊन महिनाही झाला नव्हता. मी सूट चढवला होता, रेवाने तुझी राखाडी शाल खांद्यावर घेतली होती. लोक येऊन हात हातात घेत होते, ‘सो सॉरी’ म्हणत होते आणि लगेच बशीकडे वळत होते. मग डायरेक्टर बोलायला उभा राहिला. तुझा हात किती हलका होता, तुझा पेशन्स किती मोठा होता, सगळं त्याने छान सांगितलं. शेवटी म्हणाला, ‘अँड शी नेव्हर सेड नो.’ लोक कौतुकाने हसले. मी नाही हसलो. तुझ्याशी माझं जे भांडण अर्धवट राहिलं ते नेमकं यावरूनच, आणि हा माणूस तेच तुझा गुण म्हणून सांगत होता.

मग त्याने भिंतीवरच्या एका छोट्या चित्रावरचं कापड बाजूला केलं. तेच चित्र. उन्हाने पांढुरका पडलेला रस्ता, पडकी भिंत, दोन पांढरे बैल, लांबवर समुद्राची निळी रेघ, आणि उजव्या कोपऱ्यात ते करडं-हिरवं झुडूप. शेजारी पाटी होती. चित्रकाराचं नाव, ‘लाकडावर तैलरंग’, ज्या बाईंनी चित्र भेट दिलं त्यांचं नाव, आणि सगळ्यात खाली तुझं. ‘हे चित्र जिने पूर्ववत केलं तिच्या स्मरणार्थ.’

पूर्ववत!

रेवाने माझा हात घट्ट धरला. ‘बाबा, लुक. आईचं नाव आहे.’ तिचे डोळे भरून आले होते. मी पाटीकडे पाहिलंच नाही. मी त्या झुडपाकडे पाहत होतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

तू या कामात शिरलीस तेव्हा मी ते मनावर घेतलं नव्हतं, हे तुला माहीत आहे. चिप बनवणाऱ्या कंपनीतल्या माझ्या नोकरीमागे तू कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला आलीस. नागपूरची केमिस्ट्रीची एम.एस्सी., आणि इथे अपार्टमेंटच्या बाल्कनीत पापड वाळत घालायचे. व्हिसावर नोकरी करता येत नव्हती म्हणून तू म्युझियममध्ये फुकट काम करायला जायला लागलीस. तिथे जुनी चित्रं साफ करणारा एक म्हातारा होता. त्याला रंग कळत होते, पण कुठल्या द्रावणाने कुठला रंग विरघळेल हे दरवेळी पुस्तकात बघावं लागायचं. तुला तोंडपाठ होतं. तो रिटायर झाला तोवर आपलं ग्रीन कार्ड आलं होतं, आणि त्याची खुर्ची तुला मिळाली. पहिल्या दिवशी घरी येऊन तू सांगितलंस की जुन्या चित्रावरची धूळ काढायला सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे आपली थुंकी. कापसाचा बोळा जिभेवर ओला करायचा आणि हलकेच फिरवायचा. मी म्हटलं, ‘म्हणजे एवढं शिकून थुंकायलाच आलीस का अमेरिकेत?’ तू इतकी हसलीस की आमटी ताटाबाहेर सांडली.

हे चित्र आलं तेव्हा पोळपाटाएवढी एक काळपट फळी होती. कोणाच्या तरी डायनिंग रूममध्ये दोन पिढ्या धूर खात टांगलेली. त्या चित्रकाराचं नाव इटलीतही फार कोणी घेत नाही, असं तू म्हणाली होतीस. अशा फळ्या पाठीवर घेऊन तो गावोगाव हिंडायचा आणि रस्त्याच्या कडेला बसून जागच्या जागी रंगवायचा. ‘घरी नेऊन सजवलेलं नाही हो हे,’ तू म्हणालीस. ‘दिसलं तसं उचललंय. रंगात धूळ चिकटलीय बघा, शंभर वर्षांपूर्वीची. खरी धूळ.’ तुला तो माणूस आवडला होता. जेवताना तू त्याच्याविषयी असं बोलायचीस जसं काही तो आपल्या शेजारच्या ब्लॉकमध्येच राहतो.

झुडपाविषयी तुला आधीपासून शंका होती. अल्ट्राव्हायोलेटच्या निळ्या दिव्याखाली धरलं की ते झुडूप बाकीच्या चित्रापेक्षा काळं दिसायचं. म्हणजे ते नंतरचं, दुसऱ्याच कोणाचं. तू तिथल्या चित्रसंग्रहाची जबाबदारी असलेल्या तरुण क्युरेटरला दाखवलंस, तोही हरखला, म्हणाला, गो अहेड. मग कित्येक आठवडे तू सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून नखाएवढा, नखाएवढा रंग सोडवत होतीस.

आणि एक दिवस ऑफिसात माझा फोन वाजला. मी मीटिंगमध्ये होतो, मॅनेजर समोर. तू ओरडलीस, ‘अहो, गुडघा निघाला!’

‘कोणाचा?’ मी घाबरून विचारलं.

‘बाईचा! झुडपाखाली बाई बसलीय!’

अख्खी बाई निघाली त्या रविवारी दुपारी तू मला आणि रेवाला दाखवायला घेऊन गेलीस. मला चित्रातलं काही कळत नाही. पण भिंगातून मी ती बाई पाहिली आणि पुन्हा पुन्हा पाहिली. रस्त्याच्या कडेला मातीत बसलेली, घागरा गुडघ्याच्या वर सारलेला, एक पाय दुसऱ्या मांडीवर घेतलेला. पायातला काटा काढत होती. मान खाली, ओठ दाबून धरलेले. बैल पुढे निघून गेले होते, रस्ता पुढे गेला होता, ही मागे राहिली होती. रेवा म्हणाली, ‘शी इज सो टायर्ड.’ तू म्हणालीस, ‘आपल्याकडे देवळांवर नाही का कोरलेल्या असतात काटा काढणाऱ्या बायका? त्या किती नटूनथटून काटा काढतात. हिला वेळ नाहीय. हिला पोचायचंय.’

तो दिवस मला हवा आहे, कुमुद. बाकीचे सगळे घेऊन जा. तो दिवस ठेव.

मग त्या बाई आल्या. चित्र भेट देणाऱ्या. मी त्यांना कधी पाहिलं नाही, तू सांगितलंस तेवढंच. मोत्याचा सर, पांढरे हातमोजे, काठी. त्यांच्या आजोबांनी इटलीच्या प्रवासात ते चित्र घेतलं होतं. आणि आजीला जेवणाच्या खोलीत उघड्या पायांची बाई नको होती, म्हणून तिने कोणा पेंटरला बोलावून तिच्यावर झुडूप काढून घेतलं होतं. या नातीने लहानपणापासून झुडूपच पाहिलेलं. ती म्हणाली, ‘माझ्या चित्रात अशी कोणी बाई नाही.’ तू समजावून सांगायला गेलीस, तर तिने तुझ्याकडे न बघता डायरेक्टरकडे बघून विचारलं, ‘हिला कोणी परवानगी दिली?’ तो तरुण क्युरेटर तिथेच उभा होता. त्याने बुटांकडे पाहिलं.

बाईंच्या घरी अजून बरीच चित्रं होती. म्युझियमला ती हवी होती. बस, एवढंच.

डायरेक्टरने तुला खोलीत बोलावून फार गोड शब्दांत सांगितलं की झुडूप हाही आता चित्राचा इतिहासच आहे, आणि ते परत आणायला तुझ्याइतका चांगला हात कोणाचा नाही.

त्या संध्याकाळी तू पोळ्या लाटत होतीस. मी विचारलं, ‘काय म्हणालीस त्याला?’

‘करते म्हटलं.’

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ‘तू तिला परत गाडणार? स्वतःच्या हाताने?’

‘मी नाही केलं तर दुसऱ्या कोणाला तरी बोलावतील. तो थेट तिच्या अंगावर रंग फासेल. मी आधी वार्निशचा थर देईन आणि मग वरून निघणारे रंग वापरीन. तिला धक्का लागणार नाही.’

‘निघणारे म्हणजे? कधी निघणार?’

‘कोणी तरी काढेल. बोळ्याने पुसलं की निघतील.’

‘कधी, कुमुद?’

‘आपण नसू तेव्हा.’ तू पोळी तव्यावर टाकलीस.

मी म्हटलं, राजीनामा दे. मी म्हटलं, पेपरवाल्यांना सांग. मी म्हटलं, त्या बाईने तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही आणि तू तिच्यासाठी झाडं रंगवणार. तेव्हा तू वळलीस. तुझ्या कपाळावर पीठ लागलं होतं. ‘काहून ओरडता? तुमच्या ऑफिसात मॅनेजर म्हणतो ही चिप पाठवा, तुम्हाला माहीत असतं ती तापतेय, तरी तुम्ही सही करताच ना? तेव्हा देता का राजीनामा?’

त्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे. चिप तापली तर बदलून देता येते. आणि चिप मी शोधून काढली नव्हती, भिंगाशी महिनोन्महिने बसून, गुडघ्यापासून ओठांपर्यंत. ती बाई तू शोधली होतीस. ज्याने शोधलं त्याने तरी लपवू नये. हे मला तुला सांगायचं होतं. त्या दिवशी सुचलं नाही, नंतर तू विषय काढू दिला नाहीस, आणि मग तुझं ते दुखणं आलं आणि तुझ्याशी भांडायची सोयच राहिली नाही. आजारी माणसाला उलटून बोलता येत नाही. हाही तू माझ्यावर केलेला अन्यायच.

तू झुडूप रंगवलंस. पानन् पान. घरी यायचीस, हात धुवायचीस, आणि न बोलता टीव्हीसमोर बसायचीस. पूर्वी तू त्या इटालियन माणसाविषयी बोलायचीस ते बंद झालं. रेवाने एकदा विचारलं, ‘आई, इज शी कंप्लीटली गॉन?’ तू म्हणालीस, ‘फक्त पाय राहिलाय.’ आणि उठून आत गेलीस. आत जाऊन तू रडलीस का, मला माहीत नाही. मी मागून आलो नाही. मी रागावलेलो होतो. अजूनही आहे.

मग थकवा, ताप, हिरड्यांतून रक्त, आणि मग रिपोर्ट. रक्ताचा कॅन्सर. मी डॉक्टरांना विचारलं, ही इतकी वर्षं त्या द्रावणांच्या वासात बसायची, त्यामुळे का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. म्युझियममध्ये मी कोणाला काहीच विचारलं नव्हतं. तरी फुलं घेऊन आलेला तो क्युरेटर स्वतःहून म्हणाला की लॅबमध्ये वास बाहेर ओढणारा पंखा चालू असायचा. तू उशीवरून त्याला ‘थँक यू फॉर कमिंग’ म्हणालीस. माझ्या देखत. तू मरत होतीस आणि त्याला संकोच वाटू नये म्हणून हसत होतीस.

शेवटच्या दिवसांत तू माझ्याशी पुष्कळ बोललीस. रेवाचं कॉलेज, कुंडीतला कढीपत्ता, अमरावतीच्या घराची तुझी वाटणी भावाला द्यायची. झुडपाखालच्या बाईचं नाव एकदाही काढलं नाहीस. मी वाट पाहत होतो. तू एवढं म्हणाली असतीस ना की ‘चुकलं माझं’, किंवा ‘बरोबरच केलं मी, तुम्हाला कळत नाही’, काहीही, तरी मला पुरलं असतं. तू कढीपत्त्याला पाणी किती घालायचं ते सांगितलंस.

तर, ही पाटी. कार्यक्रमानंतर चार-दोन दिवस मी गप्प राहून पाहिलं. जमलं नाही. ऑफिसातून सुट्टी घेतली आणि डायरेक्टरकडे गेलो. त्याने कॉफी मागवली. मी म्हटलं, ‘दोनपैकी एक करा. एक तर ती बाई दाखवा, नाही तर माझ्या बायकोचं नाव काढा. तिने चित्र पूर्ववत केलं नाही. तिने ते पूर्ववत केलं होतं, तुम्ही तिला ते बिघडवायला लावलंत.’

इंग्रजीत मी हे नीट बोललो. रात्री पाठ करून ठेवलं होतं.

मला वाटलं होतं, तो वाद घालेल. निदान लाल होईल. तो मान हलवत राहिला आणि म्हणाला, ‘आय कम्प्लीटली अंडरस्टँड. चित्राच्या बाबतीत आमचे हात बांधलेले आहेत. पण कुटुंबाची इच्छा नसेल तर नाव आम्ही जरूर काढू.’ दारापर्यंत सोडायला आला. आणि कुमुद, त्यांनी ते खरंच लगेच काढलं. झुडपातलं एक पान हलवायचं तर त्यांना बोर्ड, देणगीदार, इतिहास, सगळं आड येतं. तुझं नाव काढायला कोणालाच विचारावं लागलं नाही.

मी रेवाला सांगितलं तेव्हा ती कपडे घड्या करत होती. तुझेच कपडे. तिने हातातला ब्लाउज खाली ठेवला.

‘यू डिड व्हॉट?’

मी पुन्हा सांगितलं.

‘बाबा, या सगळ्या देशात आईचं नाव फक्त एका भिंतीवर होतं. वन वॉल. अँड यू टूक इट डाउन!’

‘खोट्या गोष्टीखाली होतं ते.’

‘सो व्हॉट? इट वॉज हर नेम!’ ती रडत होती आणि ओरडत होती. ‘तुला आईचं नाव नको होतं तिथे, कारण तुला आर्ग्युमेंट जिंकायचं होतं. शी इज डेड, बाबा. तू एका डेड माणसाशी आर्ग्युमेंट जिंकतोयस.’

ती माझ्याशी बोलेनाशी झाली. एकाच घरात, एकाच फ्रिजमधून आम्ही वेगवेगळ्या वेळी जेवत होतो. मी मुलीवर रागावलो नाही. तुझ्यावर रागावलो. तू ‘नाही’ म्हणाली असतीस तर हे काहीच घडलं नसतं. पाटी नसती, झुडूप नसतं, नोकरी गेली असती. जाऊ दे की! मी मिळवत होतो. मी इतक्या वेळा तुला म्हटलं, मी मिळवतोय. आता लिहिताना वाटतं, तू ते काम सोडू शकत नव्हतीस ते कदाचित मी हे इतक्या वेळा म्हणायचो म्हणूनच. वाटतं, एवढंच. खात्रीने सांगायला तू हवी होतीस.

काल दुपारी रेवाने गाडीची किल्ली उचलली आणि दारात उभी राहिली. ‘चल,’ म्हणाली. कुठे ते मी विचारलं नाही. फ्रीवेवर ती ड्राइव्ह करत होती, मी खिडकीतून बाहेर पाहत होतो, रेडिओही लावला नाही.

म्युझियमच्या त्या खोलीत नवीन पाटी होती. चित्रकार, लाकूड, तैलरंग, भेट देणाऱ्या बाई. बास. एक म्हातारं जोडपं चित्रासमोर उभं होतं. नवरा म्हणाला, ‘सो पीसफुल.’ बायको म्हणाली, ‘मला अशा ठिकाणी जाऊन राहायला आवडेल.’

रेवा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि इंग्रजीत स्वच्छ म्हणाली, ‘त्या झुडपाखाली एक बाई आहे. ती पायातला काटा काढतेय. माझ्या आईने तिला शोधून काढलं होतं. मग या लोकांनी माझ्या आईला तिला पुन्हा झाकायला लावलं.’

नवऱ्याने घाईने घड्याळ पाहिलं. गार्ड दोन पावलं पुढे आला. ‘मिस, प्लीज, आवाज जरा कमी.’ रेवाने आवाज कमी केला नाही. ती तेच पुन्हा म्हणाली, शब्दन् शब्द, आणि शेवटच्या वाक्यात तिचा आवाज फुटला. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. माझी मुलगी, तुझी शाल. या घरात ‘नाही’ म्हणणारं कोणीतरी निघालं, कुमुद, आणि ते कोणाकडून आलं हे मला सांगता येणार नाही. माझ्याकडून आलं म्हणावं, तर मी असा लोकांसमोर कधीच बोललो नव्हतो.

नवरा पुढच्या खोलीत निघून गेला. बायको मात्र गेली नाही. तिने मला विचारलं, ‘ही तुमची मुलगी?’

‘हो.’

‘तुमच्या मिसेसचं नाव काय होतं?’

मी सांगितलं. तिला ते धड म्हणता येईना. मग मी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं आणि ती माझ्या मागोमाग म्हणत गेली. मग तिने वाकून पाटी पाहिली. ‘इथे नाहीये ते.’

‘नाही. मी काढायला लावलं.’

‘का?’

रेवा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, ‘टेल हर, बाबा.’

मी सांगितलं. पहिल्यापासून. माझं इंग्रजी अडखळत होतं, मधे दोनदा मराठीच तोंडात आलं, गार्ड तिथेच उभा राहून ऐकत होता. तुझ्या बाजूने काय म्हणता येईल तेही सांगितलं. थराचं, निघणाऱ्या रंगांचं, कोणी तरी एक दिवस बोळ्याने पुसेल त्याचं. ते तुझं म्हणणं माझ्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

सांगून झाल्यावर त्या म्हाताऱ्या बाई चित्राच्या अगदी जवळ गेल्या. चष्मा कपाळावर सारून त्यांनी बराच वेळ झुडपात पाहिलं. पायाचा अंगठा, घागऱ्याची कड, काहीतरी सापडतंय का म्हणून. त्यांना काही दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. तू काम फार चांगलं केलं होतंस.